सात नंबर आणि ढकलगाडी

पाणमांजर केंद्रात मामांना सगळे मामा म्हणत. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले साहेबही मामाच म्हणत. मामांना सख्खा भाचा एकच होता आणि तो तेवढा त्यांना नावाने हाक मारायचा.

मामांचं काम बोलायचं. रोज सकाळी अकरा आणि दुपारी तीन वाजता ते गळ्यात माइक अडकवून, हातात माशांची बादली घेऊन काचेच्या तळ्यापाशी उभे राहत आणि जमलेल्या लोकांना पाणमांजरांची माहिती देत. वेळापत्रकात या कार्यक्रमाला वीस मिनिटं होती. मामांना चाळीस लागत. बादली रिकामी झाली, पाणमांजरं झोपायला गेली, लोक पांगले, तरी मामांचा पट्टा चालूच असे आणि शेवटी कुणीतरी येऊन माइकचं बटण बंद करी.

"चावतात का हो?" लोक विचारत.

"चावतात."

"पण दिसतात तर गोड."

"माझे सासरेही दिसायला गोड होते."

"घरी पाळता येतात का?"

"येतात म्हटलं तर तुम्ही पाळाल. म्हणून नाही येत."

लोक हसत आणि मग शेजारच्या दुकानातून कापडी पाणमांजर विकत घेत. ती कापडी पाणमांजरं ज्या कारखान्यातून येत तिथे कुणी पाणमांजर पाहिलेलं नसावं. ती दिसायला दाढी केलेल्या मुंगसासारखी होती. खपत मात्र जोरात.

काचेच्या तळ्यात दोघं राहत, थोरला आणि धाकटी. डोळे उघडायच्या आधीपासून मामांनी त्यांना वाढवलं होतं, तेही स्वतःच्या घरच्या न्हाणीघरात. चार महिने मामांच्या घरात अंघोळीसाठी आधी परवानगी घ्यावी लागे. मामा त्यांना मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत आणि दिवसभर बोलत. हवा कशी आहे, भाजी काय केली आहे, साहेबांचं काय चुकतं, सगळं सगळं. वर्षभराने दोघांना नदीवर सोडायला नेलं. पेटी उघडली. दोघं बाहेर आली, पाणी हुंगलं आणि मामांच्या आधी पळत जाऊन जीपमध्ये बसली. थोरला तर पुढच्या सीटवर. तीनदा सोडलं, तीनदा तेच झालं. चौथ्या वेळी ड्रायव्हरने विचारलं, "सीटबेल्ट लावू का यांना?"

तेव्हापासून ती दोघं काचेमागे होती. मामा दिसले की काचेला नाक लावून शीळ घालत. लोक म्हणत, "बघा, किती प्रेम आहे!" मामा माइकवर "हो" म्हणत आणि पुढचं वाक्य सुरू करायला त्यांना एरवीपेक्षा क्षणभर जास्त लागे. ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

सात नंबर आली ती रस्ता खणणाऱ्या एका कामगाराच्या हेल्मेटमधून. आई नव्हती. आकाराने पायातल्या सपातेएवढी. केंद्राच्या रजिस्टरातलं ते सातवं अनाथ पिल्लू, म्हणून सात नंबर. नाव ठेवायचं नाही असा आता नियमच झाला होता, कारण नाव ठेवलं की माणूस हाक मारतो. नवा नियम एकूणच कडक होता. पिल्लाला मागच्या आवारात फळ्यांच्या उंच कुंपणाआड ठेवायचं. त्याला माणसाचा चेहरा दिसता कामा नये, माणसाचा आवाज ऐकू येता कामा नये. बाटलीसुद्धा फळीच्या भोकातून, हाताला केसाळ मोजा घालून द्यायची. वर्षभराने परीक्षा. माणूस दिसल्यावर पळालं तर नदीत. जवळ आलं तर जन्मभर काचेमागे.

"कोण घेतंय हे काम?" साहेबांनी बैठकीत विचारलं.

मामांनी हात वर केला. केंद्राच्या बैठकीतली सर्वात आनंदी सकाळ तीच ठरली. लोक पाच मिनिटं हसत होते.

"मामा," साहेब डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही झोपेतही बोलता."

"झोपेत कोण ऐकतंय मला?"

"वहिनी ऐकतात. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली आहे. लेखी."

"साहेब," मामा म्हणाले, "मला एक तरी असं वाढवायचंय जे मला बघून पळेल."

हे त्यांनी हसत म्हटलं नाही. मग कुणीच हसलं नाही आणि काम मामांना मिळालं.

मामांनी गप्प राहायचा सराव घरी सुरू केला. पहिल्या दिवशी ते संध्याकाळी सहा ते नऊ बोलले नाहीत. साडेसहाला बायकोने विचारलं, "बरं नाही का?" मामांनी मान हलवली. सातला तिने विचारलं, "माझं काही चुकलं का?" मामांनी मान हलवली. साडेसातला ती म्हणाली, "चुकलं असेल तर सरळ सांगा, असं तोंड शिवून बसू नका." आठ वाजता तिने स्वतःच आठवून आठवून तीन चुका कबूल केल्या. त्यातल्या दोन मामांना माहीतच नव्हत्या. नऊ वाजता मामांनी तोंड उघडलं आणि सरावाबद्दल सांगितलं. तेव्हा ती बोलेनाशी झाली. ती दोन दिवस.

पण जमलं. मामांनी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. अकरा आणि तीनला काचेच्या तळ्यापाशी बोलायचं आणि बाकीचा दिवस मागच्या आवारात मुक्याने काढायचा. सात नंबर मोठी होऊ लागली तशी बाटली सुटली. मग मामा एका चाकाच्या ढकलगाडीत पाण्याची घमेली आणि त्यात जिवंत मासे घालून फळीपर्यंत नेत आणि तिथल्या पन्हाळीतून आत ओतत. ढकलगाडीचं चाक कुरकुरायचं. कुईऽऽ-टक, कुईऽऽ-टक. पहिल्याच आठवड्यात मिस्त्री तेलाची झारी घेऊन आवाराच्या दाराशी आला. हा मिस्त्री म्हणजे केंद्रातली दारं, नळ, पंप आणि बिजागऱ्या बघणारा माणूस. आवाज करणारी कुठलीही वस्तू त्याला बघवत नसे.

"मामा, चाकात दोन थेंब सोडतो."

"राहू दे," मामा म्हणाले.

"आख्ख्या आवारात ऐकू येतं हो."

"राहू दे रे. तेवढंच काहीतरी बोलतंय इथे."

चूक झाली ती इथे. नियमात माणसाच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं, चाकाबद्दल नव्हतं, त्यामुळे चूक झाली हे मामांना दहा महिने कळलं नाही.

त्या दहा महिन्यांत ढकलगाडीचं बोलणं वाढत गेलं. येताना एक लांब कुईऽऽ, म्हणजे आलो. मासे ओतून झाल्यावर गाडी जरा मागेपुढे, म्हणजे संपव सगळं, टाकू नकोस. निघताना दोन आखूड, म्हणजे चल, उद्या. चौथ्या महिन्यात सात नंबर आजारी पडली, काही खाईना, तेव्हा मामा फळीआड तासभर उभे राहून नुसती गाडी मागेपुढे करत होते. त्यांच्या मते ते गप्प होते. आतून हळूहळू बारीक शीळ येऊ लागली, तेव्हा मामांच्या छातीवरचा दगड उतरला. ती कुणाला उत्तर देतेय, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई आल्या. उंच, शांत, एका हातात छापील तक्ता, दुसऱ्या हातात उचललेली प्रवासी बॅग. त्या फळीचं दार उघडून आत जाऊन उभ्या राहिल्या. मामा, साहेब आणि मिस्त्री बाहेर एकेका भोकाला डोळा लावून उभे. बाईंना बघताच सात नंबर बिळात. बाई खाली बसल्या, ती बिळातच. बाईंनी बिस्किट खाल्लं, गाणं गुणगुणलं, फोन लावून बहिणीशी कपडे धुण्याच्या मशीनबद्दल खणखणीत आवाजात दहा मिनिटं भांडल्या. बिळातून मिशीसुद्धा बाहेर आली नाही. मामांना उडी मारावीशी वाटत होती, पण तीही आवाज न करता मारावी लागली असती.

बाईंनी तक्त्यात "पळाली" असं लिहिलं, आपली बॅग उचलली, खाली ठेवली आणि दाराकडे ओढत निघाल्या. ती बॅग चाकांची होती. त्यातलं एक चाक कुरकुरत होतं.

कुईऽऽ-टक.

सात नंबर बिळातून अशी बाहेर आली की जणू कुणी दार वाजवलंय आणि पाहुणे तिच्या माहेरचे आहेत. ती बॅगेपुढे मागच्या पायांवर उभी राहिली. शीळ घातली. मग बॅगेच्या चाकाला नाक लावून डोळे मिटून घेतले.

बाईंनी बॅग इंचभर ओढली. सात नंबर इंचभर सरकली.

"माणसांना घाबरते," बाई तक्त्याकडे बघत म्हणाल्या. "सामानावर प्रेम करते."

"तक्त्यात आहे का असं काही?" साहेबांनी भोकातून विचारलं.

"माणूस, कुत्रा, होडी, वाहन एवढे रकाने आहेत." बाईंनी विचार केला. "चाकं आहेत. वाहनात घालते."

बाई बाहेर आल्यावर मामांनी नियम मोडून बोलायला सुरुवात केली आणि पाच वाक्यं एकदम बाहेर पडली. पण बाई, नदीकाठी बॅग घेऊन कोण जातं, बॅगेला कोण विचारतं, ती माणसाला तर घाबरतेच ना, आणि दहा महिने मी, दहा महिने मी...

"नदीकाठाला फिरायचा रस्ता आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "रोज बाबागाड्या जातात. एका जरी बाबागाडीचं चाक कुरकुरलं तर ही आपली त्यात जाऊन बसेल. बाळाशेजारी. तुम्हीच सांगितलंत ना माइकवर, चावतात म्हणून?"

मामा गप्प झाले. या वेळी सरावाची गरज पडली नाही.

"तीन आठवड्यांनी परत येते," बाई म्हणाल्या. "तोवर हे प्रेम मोडलं तर बघू. नाही तर काच."

साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना पाट्या करायची हौस होती. बाई फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांच्या डोक्यात पाटी तयार झाली होती: "ढकलगाडीच्या प्रेमात पडलेलं पाणमांजर! रोज अकरा व तीन." दुसऱ्या दिवशी ती छापूनही आली.

"मामा, रांगा लागतील रांगा," ते म्हणाले. "तुम्ही गाडी ढकलत यायचं, ती मागून येईल. लोकांना आवडतं असं. तिला चांगलं खायला मिळेल, डॉक्टर आहे, छप्पर आहे. नदीत काय आहे?"

"नदी," मामा म्हणाले.

"कवितेत चांगलं वाटतं."

"साहेब, तीन आठवडे आहेत अजून."

"आहेत ना. मी कुठे नाही म्हणतोय? पाटी तोवर गोदामात ठेवतो. उभी ठेवतो, म्हणजे काढायला सोपी."

आता प्रश्न असा होता की ढकलगाडीबद्दल एखाद्याचं मन कलुषित कसं करायचं. मामांनी आणि मिस्त्रीने डोकं लावलं. पहिल्या दिवशी त्यांनी मासे वेगळ्या पन्हाळीतून गुपचूप सोडले आणि गाडी रिकामी नेली. सात नंबर गाडीशी मासे नसतानाही येऊन बसली. तिला मासे नकोच होते. दुसऱ्या दिवशी गाडी येताच फळीवरून तिच्या अंगावर गार पाण्याची बादली ओतली. ती पाणमांजर आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. ती पाठीवर लोळून आणखी मागू लागली.

त्या संध्याकाळी मामा जेवायला बसले ते शब्द न बोलता. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं आणि चौथ्यांदा न विचारता हातातली स्टीलची ताटली ओट्यावर आपटली. मामा पाटावरून वीतभर उडाले. वर बघितलं. पुन्हा ताटलीकडे बघितलं.

"परत आपट," ते म्हणाले.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"आपट गं. तशीच. अचानक."

तिने आपटली. मामा माहीत असूनही दचकले.

"किती ताटल्या आहेत घरात?"

"बारा. आणि एकही मिळणार नाही," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिने सहा काढून दिल्या, त्यातल्या दोन जरा चेपलेल्या.

तिसऱ्या दिवसापासून ढकलगाडी फळीखालच्या फटीतून चाकापर्यंत आत जाऊ लागली, दांडे बाहेर मामांच्या हातात. तिच्यावर मिस्त्रीच्या कुत्र्याची वर्षभर न धुतलेली गोधडी टाकलेली असे आणि पुढच्या कडेला ताटल्या दोरीने टांगलेल्या. दोरीचं टोक फळीआड मामांच्या हातात. चाक कुरकुरलं, सात नंबर धावत आली, चाकाला नाक लावायला मान पुढे केली की मामा दोरी सोडत. सहा ताटल्या दगडावर एकदम.

पहिल्यांदा ती बिळात पळाली. पाच मिनिटांनी परत आली, गाडीला काही लागलं तर नाही ना असं बघायला. मामांनी पुन्हा दोरी सोडली. संध्याकाळी ती पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मिस्त्री त्यांना बाजूला नेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही जरा चहा घेऊन या, मी सोडतो दोरी." मामा म्हणाले, "नको. चाक मीच बोलतं केलंय. मीच गप्प करणार."

पाचव्या दिवशी ती आली, पण चालत. आठव्या दिवशी अर्ध्या वाटेवर थांबून तिने शीळ घातली आणि उत्तराची वाट बघितली. मामांच्या हातात गाडीचा दांडा होता. मागेपुढे केली असती तर दोन सेकंदांचं काम होतं. त्यांनी दोरी सोडली. त्या दिवशी त्यांनी अकरा वाजताचा कार्यक्रम सतरा मिनिटांत संपवला आणि साहेब घाबरून डॉक्टरला विचारायला गेले.

घरी बायको म्हणाली, "आज खरंच गप्प आहात."

"रोजच असतो."

"नाही. रोज तुम्ही बोलत नसता. आज गप्प आहात." आणि तिने त्या रात्री ताटल्या फार हळू ठेवल्या.

चौदाव्या दिवशी चाक कुरकुरलं आणि सात नंबर बिळातून बाहेर आलीच नाही. पंधराव्या दिवशी ती बाहेर ऊन खात होती. पहिल्या कुईऽऽला पळाली, टकची वाट न बघता. मिस्त्रीने मामांच्या पाठीवर थाप मारली. मामांनी मान हलवली आणि सहा ताटल्या मोजून पिशवीत भरल्या. आता सहाही चेपलेल्या होत्या.

परीक्षक बाई आल्या. तीच बॅग, तेच चाक. त्यांनी बॅग आवारभर ओढली, उलटी ओढली, धावत ओढली. बिळात सामसूम. वाहनाच्या रकान्यात त्यांनी "पळाली" लिहिलं आणि खाली सही केली.

"मग पाटीचं काय करू?" साहेबांनी विचारलं.

नदीवर सकाळी लवकर गेले. बरोबर बाई, साहेब, मिस्त्री आणि मामा. सात नंबरची पेटी मामा आणि मिस्त्रीने हातात उचलून काठापर्यंत नेली. तरी जीपमध्ये मामांनी ढकलगाडी टाकलीच होती.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"असू दे," मामा म्हणाले.

मिस्त्रीने खिशातून तेलाची झारी अर्धी बाहेर काढली.

"राहू दे," मामा म्हणाले.

काठाजवळ माणसांनी लपायला चार फळ्या उभ्या केल्या होत्या. सगळे त्यांच्याआड गेले. मामांनी ढकलगाडीही आवाज न करता उचलून आणली. बाईंनी घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत प्राणी निघून गेला नाही, माणसांच्या आसपास रेंगाळला, तर पेटीत घालून परत न्यायचा. तसा नियम होता. मिस्त्रीने दोरी ओढून पेटीचं दार उघडलं.

सात नंबर बाहेर आली. पाणी हुंगलं, प्यायली. पाण्यात शिरली, एक वळसा घेतला आणि तोंडात मासा घेऊन वर आली. साहेबांनीसुद्धा मूठ आवळली. मासा खाऊन ती काठावर आली, अंग झटकलं आणि फळ्यांकडे बघितलं. तशाच फळ्या. त्या फळ्यांमागून जन्मभर सगळं आलं होतं. ती चार पावलं फळ्यांकडे आली आणि बसली.

सात मिनिटं झाली. नऊ झाली. सात नंबर फळीपासून दहा हातांवर पाय चाटत बसली होती, स्टॉपवर बससाठी बसावं तशी. बारा मिनिटं झाली. जीप मागे उभी होती. पुढची सीट रिकामी होती. मिस्त्रीने मामांकडे बघितलं. बाईंनी पेन काढलं.

मामांनी ढकलगाडीचा दांडा धरला आणि गाडी हातभर पुढे ढकलली.

कुईऽऽ-टक.

सात नंबर पाण्यात होती. कधी गेली ते कुणालाच दिसलं नाही. नुसती बुडबुड्यांची एक रेघ पलीकडच्या गवतापर्यंत जाताना दिसली आणि गवत हललं आणि मग हललं नाही.

बाईंनी पेन टोपणात घातलं. साहेबांनी नाक शिंकरलं आणि थंडी आहे असं सांगितलं. मामांनी ढकलगाडी दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर घेतली आणि तशीच जीपपर्यंत नेली, म्हणजे चाक जमिनीला लागणार नाही. मिस्त्री म्हणाला, "अहो मामा, द्या इकडे." मामांनी दिली नाही.

अकरा वाजता ते काचेच्या तळ्यापाशी उभे होते. थोरला आणि धाकटी शीळ घालत काचेला नाक लावून बसली होती. ढकलगाडी तिकीट खिडकीशेजारी ठेवून साहेबांनी तिच्यावर पाटी लावली होती, जुनीच, फक्त "पडलेलं" शब्दावर कागद चिकटवून "पडून सावरलेलं" असं केलं होतं. लहान मुलं गाडीत बसून फोटो काढत होती.

गर्दीतून एका आजीबाईंनी विचारलं, "ते पाटीवरचं पाणमांजर कुठे आहे हो?"

"मला माहीत नाही," मामा माइकवर म्हणाले. एवढं छोटं उत्तर त्यांनी त्या माइकवर आजवर दिलं नव्हतं.

"तुम्ही वाढवलंत ना? मग तुम्हाला ओळखत असेल."

"नाही," मामा म्हणाले. "अजिबात नाही. मला बघितलं तरी पळेल." आणि मग त्याबद्दल ते चाळीस मिनिटं बोलले, आणि माइकचं बटण बंद करायला त्या दिवशी कुणीच आलं नाही.